खुंट्याची चार वर्षं

शिंप्याच्या खोलीत भांडायला गेलेला माणूस माप देऊन परत येतो, असं क्लबातले जुने लोक म्हणायचे. खुंट्याच्या बायकोलाही हे ठाऊक होतं. तरी त्या दिवशी सकाळी अकरा वाजता ती दोन जिने तावातावाने चढून गेली आणि दार न वाजवता आत शिरली. बाई तशी थंड डोक्याची, पण भावाचा विषय निघाला की ते डोकं ठिकाणावर राहत नसे.

आधी माणसं सांगून टाकतो, म्हणजे मागाहून घोळ नको. ही बाई फुटबॉल खेळाडूंची एजंट. खेळाडू मैदानात पळायचे आणि ही त्यांच्या वतीने क्लबाशी पगाराची घासाघीस करायची. तिचे खेळाडू दोनच, आणि दोघेही घरचे. एक नवरा, तेहतीस वर्षांचा बचावपटू. समोरचा फॉरवर्ड त्याच्यापाशी पोचला की दावणीला बांधल्यासारखा तिथेच अडकायचा, म्हणून प्रेक्षकांनी त्याचं नाव खुंटा ठेवलं होतं. दुसरा तिचा धाकटा भाऊ, तेवीस वर्षांचा फॉरवर्ड. पायाला चेंडू लागला की हा जागच्या जागी असा फिरायचा की समोरच्याला कळायचंच नाही, गेला कुठे. त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. आईबाप गेले तेव्हा भिंगरी अकरा वर्षांचा होता आणि ताईनेच त्याला वाढवला. लग्न ठरवताना तिने अट घातली होती की भाऊ माझ्याबरोबर येईल. खुंटा म्हणाला होता, येऊ दे की, मला सरावाला कुणीतरी हवंच आहे.

आणि शिंपी म्हणजे खरा शिंपी नव्हे. तो क्लबाची पगारमर्यादा सांभाळायचा. लीगचा नियम असा की कुठल्याही क्लबाने सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला एका ठरावीक रकमेवर पैसुद्धा द्यायची नाही. मालक गडगंज असो नाहीतर फाटका, कापड सगळ्यांना सारखंच. ते ओलांडलं तर जिंकलेले गुण कापले जातात, मग भले तुम्ही मैदानात आभाळ फाडून आलेले असा. त्या कापडात पंचवीस गडी बसवायचे, कुणाचीही बाही आखूड होऊ द्यायची नाही, हे त्याचं काम. अठरा वर्षं तो ते करत होता. समोर सगळे त्याला काका म्हणायचे आणि पाठीमागे शिंपी, आणि दोन्ही त्याला माहीत होतं.

"काका, आज पाचला मुदत संपते," ती म्हणाली. "भिंगरीचा जुना करार संपलाय, नदीपलीकडच्या क्लबाचं बोलावणं आलंय. तुम्ही मात्र मूग गिळून बसलात. तुमच्या मनात आहे तरी काय?"

"वहिनी, बसा आधी."

"बसायला आले नाही मी."

"मग उभ्यानेच बघा," तो म्हणाला, आणि समोरच्या भिंतीवर उजेड पडावा म्हणून त्याने खिडकीचा पडदा बाजूला केला.

एजंटांना त्या खोलीत येऊ देत नसत. त्यांच्याशी बोलणी खालच्या खोलीत व्हायची. त्यामुळे ती भिंत तिने आज पहिल्यांदा पाहिली. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी कागदाच्या चार लांबच लांब पट्ट्या एकीखाली एक लावल्या होत्या. सगळ्यात वरची या वर्षाची, खालच्या तीन पुढच्या तीन वर्षांच्या. प्रत्येक पट्टीवर रंगीत कागदाचे तुकडे टाचणीने टोचलेले, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक खेळाडू. जेवढा पगार तेवढी रुंदी. शिंपी बोटांनी मोजायचा, बारा बोटांची एक वीत, हिशेबाचं मशीन-बिशीन नंतर. वरची पट्टी अशी गच्च भरली होती की एक चिंचोळी फट सोडली तर वाऱ्यालाही शिरायला जागा नव्हती.

"गेल्या हंगामातला शेवटचा गोल आठवतो?" शिंप्याने विचारलं.

ही काय विचारायची गोष्ट झाली? तो गोल तिने शंभरदा पाहिला होता. नवऱ्याने चेंडू हिसकावला, मान वर न करता चाळीस पावलांवर मारला, आणि तो जिथे पडला तिथे भिंगरी उभा होता.

"सांगा, तो गोल सुरू कुठे झाला?"

"ह्यांच्या पायात. आणखी कुठे?"

"इथे," शिंपी म्हणाला, आणि एका चिमुकल्या पिवळ्या कागदावर त्याने बोट ठेवलं. "हा राखीव गोलकीपर. त्या दिवशी बाकावर बसून होता. ह्याला बाहेर दुप्पट मिळत होते. पण ह्याच्या आईचं घर इथून चार गल्ल्या लांब, म्हणून हा छोट्या कागदावर राहिला. त्यामुळे पाच बोटं वाचली. ती पाच बोटं मी इथे लावली, हा बघा, डावा बचावपटू. ह्याच्या जागी पाच बोटांनी स्वस्तातला कुणी असता, तर त्याची गळती थांबवायला खुंट्याला सारखं डावीकडे धावावं लागलं असतं. तसं झालं नाही, म्हणून खुंटा मधे होता. मधे होता म्हणून चेंडू त्याला सापडला."

तो भिंतीला लागून हळूहळू चालायला लागला आणि तीही नकळत त्याच्या मागून निघाली.

"आता समोरच्यांचा तो उंच गडी भिंगरीच्या अंगावर का गेला नाही? कारण ह्या निळ्याने त्याला बाहेरच्या बाजूला ओढून नेलं. निळा आपल्याकडे का आहे? कारण तीन वर्षांपूर्वी कर्णधार ह्याच खोलीत येऊन म्हणाला, माझी वाढ राहू द्या काका, माझ्यापुढे कुणी पळणारा आणा. गोल व्हायला अकरा सेकंद लागले, वहिनी. शिवायला मला तीन वर्षं लागली."

दहा वर्षं ती या धंद्यात होती. करार म्हणजे दोन माणसांची रस्सीखेच, असंच तिने आजवर धरलं होतं. आपण ओढतो, क्लब ओढतो, ज्याचा दम मोठा तो जिंकला. आणि इथे तर कुणाच्या तरी आईच्या घरापासून निघालेला धागा पंचवीस माणसांतून फिरत फिरत तिच्या भावाच्या पायापर्यंत आला होता, आणि हा चष्मेवाला म्हातारा तो धागा इतकी वर्षं एकट्याने धरून बसला होता. तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. ती भांडायला आली होती हे आठवून ती तशीच उभी राहिली.

"मग भिंगरीचा कागद कुठे?"

शिंप्याने टेबलावरून एक लाल तुकडा उचलला. दीड वीत रुंद, अठरा बोटं. वरच्या पट्टीवर जिथे रिकामी जागा होती तिथे त्याने तो नेऊन धरला. रिकामी जागा होती दोन बोटांची.

"नदीपलीकडचे एवढं देतायत. तेवढंच मी दिलं नाही तर नियमाने भिंगरी त्यांचा होतो," तो म्हणाला. "सोळा बोटं कमी पडतात. आणि खरं सांगू? त्यांना भिंगरी नकोच आहे. तीन फॉरवर्ड बसलेत त्यांच्याकडे. भिंगरी आपल्याकडे नको, एवढंच हवंय त्यांना. बाकावर बसवतील."

हे तिला सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी भिंगरीला एका हंगामापुरतं दुसऱ्या क्लबात धाडलं होतं. एक गोल झाला नाही. परत आला तेव्हा गालफडं बसलेली, रात्र रात्र जागा, आणि चेंडू आला की अंग चोरायचा. खुंट्याने त्याला तीन महिने रोज पहाटे मैदानात नेऊन माणसात आणला होता. पुन्हा तसं झालं तर पोरगा संपलाच, हे तिला आतून माहीत होतं.

"मग मोठा कागद कुठला आहे तो हलवा ना," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची नजर एका हिरव्या कागदावर गेली. वरच्या पट्टीवरचा तो सगळ्यांत रुंद होता. दोन वितींचा. त्यावर नाव लिहायची गरज नव्हती.

दोन वर्षांपूर्वी खुंट्याचा करार करताना क्लबाकडे जागा नव्हती. तेव्हा हीच बाई ऐटीत म्हणाली होती, हरकत नाही, आता थोडं द्या, पण तिसऱ्या वर्षी दाबून द्या. पहिल्या वर्षी अर्धी वीत, दुसऱ्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षी दोन. घरी येऊन आठ दिवस तिने स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. नवरा म्हातारा होत जाईल तसा पगार चढत जाईल, कसा डाव टाकला की नाही? ते तिसरं वर्ष म्हणजे हे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. तिच्याच हुशारीने तिच्या भावाची जागा खाल्ली होती.

"ह्यांना मोकळं केलं तर?" तिने विचारलं.

"मोकळं केलं तरी कागद भिंतीवरून निघत नाही. लीग म्हणते, शब्द दिलात ना, मग जागा गेली. दुसऱ्या क्लबाला देता येईल, घेणारे आहेत. पण मग भिंगरीला चेंडू द्यायचा कुणी? मी अठरा वर्षं बघतोय, असा चेंडू देणारा दुसरा नाही. एकाला ठेवायचं तर दोघांनाही ठेवायला हवं."

"आणि दोघं मावत नाहीत."

"एक काप आहे," शिंपी म्हणाला. "पण तो मी सांगणार नाही."

"का?"

"तो मागायचा नसतो. मी खाली जरा चहा घेऊन येतो." आणि तो खरंच गेला.

बाई भिंतीसमोर उभी राहिली. एजंट होती ती, काही दुधखुळी नव्हती. घड्याळात एक वाजून गेला तेव्हा तिचं लक्ष वरच्या पट्टीवरून खाली उतरलं. पुढच्या वर्षाची पट्टी निम्मी रिकामी होती, त्याखालची आणखी रिकामी. दोन वितींचा हिरवा कागद चार तुकड्यांत कापायचा. सहा बोटं या वर्षी, आणि सहा-सहा पुढच्या तिन्ही वर्षांत. या वर्षी अठरा बोटं मोकळी होतात. लाल कागद बसतो. तेच पैसे, फक्त चार वर्षांवर पसरलेले.

पण नियमाची दुसरी बाजूही तिला पाठ होती. काही क्लबांनी पूर्वी असेच करार लांबवून खेळाडूंना घरी बसवलं होतं, म्हणून लीगने अट घातली होती. लांबवलेल्या प्रत्येक वर्षी खेळाडूने निम्मे सामने मैदानात खेळलेच पाहिजेत, नाहीतर सगळी रक्कम एकदम त्याच वर्षाच्या माथी. म्हणजे खुंट्याने छत्तीस संपून सदतीस लागेपर्यंत पळायचं. तेही वर एक पैसा न घेता.

आणि खुंटा थकला होता. बाहेर कुणाला कळत नव्हतं, पण सकाळी घरचा जिना तो उलटा उतरायचा, कठड्याला धरून, कारण गुडघे सरळ उतरू देत नसत. हे वर्ष शेवटचं, असं त्याने तिला वचन दिलं होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तो रोज एक काट मारायचा. गॅलरीसाठी त्याने एक आरामखुर्ची आणून ठेवली होती, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढू देत नव्हता. शेवटचा सामना झाला की मी यात एक वर्ष बसणार, म्हणायचा, आणि कुणी पाणी मागितलं तरी उठणार नाही.

हे त्याच्याजवळ बोलायचं नाही, असं तिने ठरवलं. इकडे आड तिकडे विहीर असली तरी ढकलायचं कुणाला हे आपल्या हातात असतं. भावाला ती समजावेल. तो रडेल, चिडेल, नदीपलीकडे जाईल. नवऱ्याचे गुडघे भावासाठी गहाण टाकणारी ती कोण? या विचाराने तिला रडू आलं आणि तिने ते पदराने पुसून टाकलं.

अडीच वाजता दार उघडलं. सराव संपवून खुंटा आत आला, मोजे चिखलाने माखलेले, बूट हातात. त्याच्या मागून शिंपी.

"खाली कळलं, बाईसाहेब सकाळपासून वर भांडतायत," खुंटा म्हणाला. "म्हटलं काकांना सोडवावं."

"झालं माझं बोलून. चला घरी."

पण खुंटा भिंतीकडे बघत होता. आता या माणसाचं कागदाशी कधी जमलं नव्हतं. करार आला की तो न वाचता विचारायचा, सही कुठे करू. वीजबिलसुद्धा बायकोने भरायचं. तो भिंतीच्या मधोमध उभा राहिला, मान थोडी तिरकी केली, आणि त्याचे डोळे पट्ट्यांवरून फिरले. मैदानात समोरून पाच जण धावून येताना ते असेच फिरायचे.

"हा हिरवा मी ना?" त्याने विचारलं.

शिंप्याने मान हलवली.

"आणि टेबलावरच्या ह्या लालला जागा हवी आहे. मग खाली सगळं मोकळंच आहे की. मला खाली सरकवा."

तिला दोन तास लागले होते. त्याला दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. मग तिच्या लक्षात आलं की या माणसाने जन्मभर दुसरं केलंय काय? रिकामी जागा कुठे आहे, ती आणखी कुणाला दिसायच्या आत ओळखायची, आणि आपण तिथे जाऊन उभं राहायचं. एवढी वर्षं ती ते प्रेक्षकांत बसून बघत होती आणि तिला वाटत होतं तो नुसता ताकदीचा खेळ आहे.

शिंप्याने त्याला अटी सांगितल्या. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. निम्मे सामने, चारही वर्षं, पैसे तेवढेच.

"मी सही करणार नाही," बाई म्हणाली. "एजंटची सही लागते. मी करणार नाही."

"अगं, ऐक तरी."

"काय ऐकू? तुम्हाला जिना उतरता येत नाही."

शिंप्याने खिडकीकडे तोंड केलं. खुंटा खुर्चीत बसला, बूट मांडीवर घेतले आणि जरा वेळ त्यांच्यावरचा चिखल नखाने काढत राहिला.

"त्याच्यासाठी करतोय असं तुला वाटतंय," तो म्हणाला. "तसं नाही गं. मी चेंडू मारतो तेव्हा वर बघत नाही. बघायची गरजच नसते, तो तिथे असतो. कसा असतो, मला माहीत नाही. मी त्याला कधी विचारलं नाही, भीती वाटते, विचारलं तर बंद होईल. वीस वर्षं खेळतोय मी. किती जण पुढे उभे राहिले, चांगले चांगले. असं कुणाबरोबर झालं नाही, आणि पुन्हा होणारही नाही. ते असताना मी खुर्चीत जाऊन बसू? मला झोप लागेल का?"

असं इतकं तो लग्नातसुद्धा बोलला नव्हता. तिला वाटत होतं नवरा भावावर उपकार करतोय. आणि हा तर दर सामन्यात तिच्या भावाकडे असा बघत आला होता, जसा माणूस आपल्याला न समजणाऱ्या एखाद्या मोठ्या गोष्टीकडे बघतो. आपण ज्याच्याबरोबर बारा वर्षं संसार केला तो माणूस केवढा आहे, हे तिला त्या चिखलाने माखलेल्या मोज्यांकडे बघताना पहिल्यांदा कळलं.

"आणि त्याला सांगायचं नाही," खुंटा म्हणाला. "पैशांचं काही नाही सांगायचं. कळलं तर प्रत्येक चेंडूला माझ्या गुडघ्याकडे बघेल. मग पळेल कसला?"

तिने सही केली. ती नेहमीपेक्षा वेडीवाकडी आली. शिंप्याने खणातून मोठी कात्री काढली, हिरवा कागद टेबलावर नीट पसरला आणि बोटांनी मोजून चार तुकडे केले. प्रत्येक वेळी कापण्याआधी तो खुंट्याकडे बघायचा आणि खुंटा मान हलवायचा. मग एकेक तुकडा एकेका पट्टीवर टोचला गेला. वरच्या पट्टीवर लाल कागद बसला. दोन बोटं उरली.

साडेचारला भिंगरी आला, अंघोळ करून, केस ओले, जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून. नेहमीप्रमाणे न वाचता त्याने विचारलं, "ताई, सही कुठे करू?" तिने दाखवलं तिथे त्याने तीन वर्षांवर सही ठोकली. मग मान वर केली तर भिंतीवर चार हिरवे तुकडे.

"हे कोण? भाऊजी, तुम्ही? चार वर्षं?" तो हसायला लागला. "वाटलंच होतं मला. खुर्ची-बिर्ची सगळी नाटकं. हाव काही सुटत नाही माणसाची."

"तुझ्या बहिणीने सोडलं तर ना," खुंटा म्हणाला. "म्हणाली, आहेत पाय तोवर काढून घेऊ."

"आणि मी सख्खा भाऊ, मला तीनच. चांगली आहेस हां तू, ताई." तो अजून हसतच होता. मग त्याने आवाज जरा खाली केला. "पण बरं झालं. सकाळपासून मी विचार करत होतो, भाऊजी थांबले तर मी पुढे पळून करणार काय? चेंडू येईल कुठून? म्हटलं तर नदीपलीकडेच गेलेलं बरं." एवढं बोलून त्याला लाज वाटली असावी, कारण लगेच तो बहिणीकडे वळला. "खरं सांग, भाऊजींसाठी किती जास्त काढलेस क्लबाकडून?"

शिंपी टाचण्यांच्या डबीचं झाकण लावत होता. खुंटा वाकून बुटाची नाडी बांधत होता, म्हणजे बांधायला जात होता, कारण गुडघा वाकेना. बाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

"भरपूर," ती म्हणाली, आणि भावाच्या सहीखाली तारीख घातली.